भाळबिंदू प्रकार

माणसानं जेवताना ताटाकडे पाहावं. ताटाकडे नाही तर निदान वाढणारीकडे पाहावं. वासुदेवराव दोन्हीकडे पाहत नसत. मांडीवर एक पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पोस्टाचं एक तिकीट आणि डाव्या हातात भिंग, असं त्यांचं जेवण चाले. त्या तिकिटाकडे ते ज्या नजरेनं पाहत, त्या नजरेनं मुलगी पाहायला आले तेव्हा त्यांनी नलूबाईंकडेही पाहिलं नव्हतं. परवा तर हद्द झाली. वांग्याच्या भाजीत त्यांनी घासाऐवजी तिकिटं उचलायचा चिमटा बुडवला, आणि चूक लक्षात आल्यावर हळहळले ते चिमट्यासाठी. भाजी कशी झाली हे विचारायची सोयच उरली नाही.

पंख्याचं तर बोलूच नये. तिकिटं उडतात म्हणून पंखा बंद, धूळ येते म्हणून खिडकी बंद. ऐन ऑक्टोबरात सेलूमध्ये पंखा बंद करून बसणारा माणूस एक तर तापानं फणफणलेला असतो, नाही तर तिकिटं गोळा करत असतो. शेजारच्या प्रमिलाबाईंना एकदा गप्पा मारता मारता शिंक आली, तर छत कोसळल्यासारखी वासुदेवरावांनी दोन्ही हातांनी टेबलावर झडप घातली. तेव्हापासून प्रमिलाबाई बिचाऱ्या नाक हुळहुळलं की आधी आपल्या घरी जातात, आणि शिंकून परत येतात.

बरं, तिकिटं तरी कसली? आपल्या देशाची नाहीत, आपल्या काळाची नाहीत. शंभरावर वर्षं झाली, गोऱ्यांच्या मुलखात पहिली मोठी लढाई जुंपली होती, तेव्हाची. जखमी शिपायांसाठी मदत गोळा करायची होती आणि नवी तिकिटं छापायला सवड नव्हती. म्हणून जुन्याच तिकिटांवर एक लाल फुली आणि जादा रकमेचा आकडा वरून ठोकून दिला. घेणाऱ्यानं चार पैसे जास्त द्यायचे, ते मलमपट्टीला. या वरून मारलेल्या छापाला ओव्हरप्रिंट म्हणतात. घाईचं काम ते. फुली कुठं वर सरकली, कुठं घसरली, कुठं दोनदा बसली. आणि अशा प्रत्येक घसरण्याला एक नाव, एक नंबर आणि एका जाड इंग्रजी पुस्तकातलं पान होतं. तहसील कचेरीत छत्तीस वर्षं लोकांच्या अर्जातल्या चुका काढून रिटायर झालेल्या माणसाला यापेक्षा गोड म्हातारपण कुठलं मिळणार!

नलूबाईंचा राग तिकिटांवर नव्हताच. तो एका वाक्यावर होता. एकदा त्यांनी, पाहावं तरी आहे काय ते, म्हणून एका तिकिटाकडे नुसतं बोट नेलं. तर वासुदेवराव सुनेच्या देखत, प्रमिलाबाईंच्या देखत, दारात उभ्या असलेल्या दूधवाल्याच्या देखत म्हणाले, "हात नोको लावू, नलू! तुले काई समजत नाई त्यातलं."

नलूबाई तिसरी पास होत्या. चौथीत त्यांना घातलंच नाही, त्यामुळे नापास व्हायचा प्रश्नच आला नव्हता, हे त्या आवर्जून सांगत. गल्लीत कोणाचं लग्न जुळवायचं, कोणाची भांडणं मिटवायची आणि कोणाची वाढवायची, हे त्यांना विचारल्याशिवाय ठरत नसे. अशा बाईला दूधवाल्यासमोर समजत नाही म्हणणं! तो दूधवाला त्या दिवसापासून मापात पाव इंच कमी घालायला लागला, असा त्यांचा पक्का संशय होता.

मग दसरा आला.

वासुदेवराव सकाळीच कारंज्याला नातेवाइकांकडे सोनं द्यायला गेले. घरात नलूबाईंची पूजा सुरू झाली. विळा झाला, भाजी चिरायची पावशी झाली, शिलाई मशीन, मिक्सर, गॅसचं लायटर, स्कूटी झाली. लॅपटॉप पुढे आला तेव्हा सून अंकिता म्हणाली, "आई, बटनावर नोका लावू जी, चिकटते ते." नलूबाईंनी पडद्यावर लावलं.

शेवटी ताट घेऊन त्या टेबलापाशी थबकल्या. राग होता, पण दसऱ्याच्या दिवशी घरातली एक वस्तू बिनपूजेची ठेवायची म्हणजे नवऱ्यावरचा राग देवावर काढण्यासारखं होतं. त्यांनी तो मोठा अल्बम उघडला. ओळीनं तिकिटं. सगळ्यांवर एकच बाई. समोर पाहणारी, केस मोकळे, कपाळ चांगलं ऐसपैस. बहुतेक तिकिटांवर लाल फुली वर, डोक्यापाशी बसलेली. लांबून पाहिलं तर कुंकू लावल्यासारखीच दिसे. पण खालच्या ओळीतल्या चौघींची फुली घसरून पार छातीखाली गेली होती, आणि कपाळ कोरडं.

नलूबाईंनी ताट टेबलावर ठेवलं. तिकीट कशाचं, तर लढाईवर गेलेल्या शिपायांचं. त्यावर बाई. आणि कपाळ बोडकं! प्रमिलाबाईंचे मालक वारले तेव्हा बाराव्याला चार बाया कुंकू पुसायला पुढे आल्या होत्या, आणि नलूबाई मध्ये उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "हात तर लावून पाहा तिच्या कपायाले." प्रमिलाबाई आजही ठसठशीत टिकली लावून फिरतात. शेजारणीचं कपाळ मोकळं राहू न देणारी बाई, या चौघींना तसंच सोडणार होती की काय? त्यांनी आगपेटीतली काडी घेतली, टोक ओल्या कुंकवात बुडवलं आणि चौघींना एकेक बारीक, गोल, मधोमध ठिपका लावला. चौघी एकदम घरातल्या दिसायला लागल्या. नलूबाईंनी हात जोडले, अल्बम मिटला, वर एक फूल ठेवलं आणि त्या पुरणाकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी खुर्ची पडल्याचा आवाज आला, मग वासुदेवरावांचा.

"नलू! इकडे ये! नाई, नोको येऊ, हात ओले असन तुहे. तिथूनच आयक!"

"काय पडलं?"

"पडलं नाई, सापडलं! चार तिकिटं! चारीच्या चारी जनीच्या कपायावर लाल ठिपका, बरोब्बर मधात! पुस्तकात नाई, यादीत नाई, जगात कोनाले माहीत नाई!"

नलूबाईंनी तोंड उघडलं. "अवो, तो ठिपका तर—"

"तू थांब वो. तुले सांगून काय फायदा? तुले काय समजते त्यातलं!"

उघडलेलं तोंड नलूबाईंनी मिटलं. नाही समजत ना? मग नाहीच समजत. त्यांनी मनाशी बेत केला, की नाचू द्यायचं यांना संध्याकाळपर्यंत. संध्याकाळी प्रमिलाबाई आल्या, दूधवाला आला, की दोघांच्या देखत सांगायचं. अर्धा दिवस त्यांचा फार सुखात गेला. भाकरी थापताना त्या गुणगुणत होत्या असं अंकिता पुढे बरेच दिवस सांगत असे.

पण ज्या माणसाला घरचा गॅस संपला हे चार दिवस कळत नाही, तो दुपारच्या आत एवढी धावपळ करील हे त्यांना कुठं ठाऊक! वासुदेवरावांनी अंकिताकडून फोटो काढवून घेतले, तिकीटवाल्यांच्या गटावर टाकले, आणि शोधाला नावही देऊन टाकलं: भाळबिंदू प्रकार. संध्याकाळी दूधवाला आला तेव्हा नागपूर, अकोला आणि पार इंदूरकडून अभिनंदनाचे अंगठे येऊन पडले होते. वासुदेवराव दारातच दूधवाल्याला भाळबिंदू समजावून सांगत होते, आणि तो भांडं हातात धरून "हो ना जी, हो ना" करत होता. या माणसाच्या तोंडावर आता खरं बोलायचं म्हणजे भर मांडवात नवरदेवाचा फेटा ओढायचा. नलूबाई म्हणाल्या, उद्या सांगू.

उद्या चंद्रभान आला. चंद्रभान तहसीलबाहेर टिनाच्या शेडखाली लोकांचे अर्ज लिहून देई आणि एका साप्ताहिकाला बातम्या पाठवी. त्यामुळे ज्याचा अर्ज तो लिही, त्याची बातमीही तोच करी.

"काकाजी, शोध लागला हे खरं," तो म्हणाला, "पन कागद कुठी हाये? उद्या अमरावतीचा कोनी म्हनन, पयले माह्याच नजरेस पडलं, तं काय करसान? अॅफिडेव्हिट करून ठेवा."

प्रमिलाबाईंचं मत होतं की बँकेत लॉकर घ्यावा. बँकेत वासुदेवराव गेलेही. तिथं अर्जात 'ठेवायच्या वस्तूचे वर्णन' असा रकाना होता आणि त्यांनी प्रामाणिकपणे 'चार वापरलेली तिकिटे' असं लिहिलं. खिडकीमागचा साहेब बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं, घरी अजून कोण कोण असतं, अशी मायेनं चौकशी केली.

म्हणून मग वर्धा, आणि वर्धेत नोटरी. नलूबाईंना सोबत नेलं, कारण साक्षीदार घरातला हवा होता. चंद्रभाननं मजकूर भारदस्त लिहिला होता: 'सदर चार स्त्रियांच्या कपाळावरील लाल ठिपके मूळचेच असून ते कोणीही मागाहून लावलेले नाहीत, हे मी समक्ष पाहिले आहे.' नोटरीकडच्या कारकुनानं तो वाचला आणि हात पुढे केला.

"चारी बायांचे आधार कार्ड?"

"त्या तिकिटावर आहेत," वासुदेवराव म्हणाले.

"कुठी का असनात. झेरॉक्स जोडा."

"अहो, शंभर वर्सांच्या वर झाले त्यायले!"

"मंग हयातीचा दाखला जोडा."

यावर अर्धा तास गेला. दोन चहा गेले. कागद पास झाला तो कारकुनाची जेवणाची वेळ झाली म्हणून. आणि मग कोणीतरी पेन नलूबाईंच्या हातात दिलं. "इथी सही करा, आजी."

नलूबाईंची सही म्हणजे एक सोहळा असे. 'नलिनी' यातली पहिली वेलांटी त्या अशी काढत, की जणू दारावर तोरण बांधताहेत. त्या सहीचा त्यांना अभिमान होता, कारण अंगठा न उठवणारी त्यांच्या वयाची गल्लीतली ती एकटीच बाई. आज त्या सहीच्या वर 'कोणीही मागाहून लावलेले नाहीत' असं लिहिलं होतं, आणि ज्या बोटांनी लावलं तीच बोटं पेन धरून होती. वेलांटी वाकडी आली. कारकून म्हणाला, "हात कापून राह्यला आजीचा, वय झालं." त्यांनी ऐकून घेतलं. नलूबाईंनी 'वय झालं' हे ऐकून घेतलं, यावरून काय ते समजा.

परतीच्या बसमध्ये वासुदेवरावांनी सहा महिन्यांत पहिल्यांदा भिंगाशिवाय त्यांच्याकडे पाहिलं. "एक सांगू, नलू? हे तुह्याच पुण्याईनं झालं. दसऱ्याले माह्या अल्बमची बी पूजा केलीस तू, फूल दिसलं मले वर ठेवलेलं. देव पावला."

नलूबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. बाहेर कपाशी उभी होती, बोंडं फुटायला आली होती. खिडकीतून वारं येतंय म्हणून त्यांनी डोळ्याला पदर लावला. खिडकीची काच बंद होती.

आता दोनच वाटा होत्या. सांगायचं, किंवा पुसायचं. सांगायला जीभ वळेना. गावभर चालणारी ती जीभ एवढ्या एका वाक्यापाशी अडकली होती. तेव्हा पुसायचं ठरलं. त्यांनी आडून विचारलं, "प्रमिला, कुकवाचा डाग कशानं निंघते वो?"

"लिंबानं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "कायवर पडला?"

"लुगड्यावर," नलूबाई म्हणाल्या. खोटं बोलायची एकदा सवय लागली की लुगड्यालाही सोडत नाही माणूस.

दुपारी वासुदेवराव घोरायला लागल्यावर त्यांनी काडीला कापूस गुंडाळला, लिंबाच्या थेंबात भिजवला आणि चौघींतल्या तिसरीच्या कपाळाला अलगद टेकवला. टेकवला मात्र, आणि ठिपका डोळ्यांदेखत पिवळा झाला. जर्द पिवळा. आयुष्यभर लोणची घातलेल्या बाईला आत्ता आठवलं, की कुंकू हळदीचं आहे आणि हळदीच्या कुंकवाला लिंबू लागलं की त्याची परत हळद होते! बाजारचं रंगाचं कुंकू असतं तर पुसून तरी गेलं असतं. पण नलूबाईंना कधी बाजारचं चाललंय? त्यांना माहेरचं, रोहण्याचं, घरी केलेलं पाहिजे. खरेपणा माणसाला असा भोवतो.

चार वाजता दुसऱ्यांदा खुर्ची पडली.

"रंग बदलला! नलू, रंग बदलला! वरचा लाल उडाला अन् खालचा पिवळा दिसून राह्यला. म्हंजे दोनदा छापलं! आंधी पिवळं, मंग लाल! दुहेरी भाळबिंदू!"

"अवो, मले काई सांगाचं होतं," नलूबाई म्हणाल्या.

"मंग सांगजो, आंधी फोन करू दे!"

फोन नागपूरच्या रक्षाताईंना गेला. ही ओव्हरप्रिंट ओळखण्यातली जाणकार. लहान वयाची, पण तिचा शब्द शेवटचा, असं वासुदेवरावांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. तिनं येत्या रविवारी येते म्हटलं. मधल्या आठवड्यात चंद्रभानच्या साप्ताहिकात बातमी आली: 'सेलूच्या सुपुत्राने पकडली गोऱ्यांची शतकापूर्वीची चूक'. ज्येष्ठ नागरिकांनी वासुदेवरावांचा सत्कार ठेवला. औक्षणाला अर्थात नलूबाई. ताटातल्या कुंकवात बोट बुडवून ते नवऱ्याच्या कपाळापर्यंत नेताना बोट मध्येच थांबलं. मागून कोणी तरी म्हणालं, "पाहा, अजून लाजते बुढी." सगळे हसले. नलूबाईंनी ठिपका लावला आणि खाली मान घालून जागेवर येऊन बसल्या. लाजतच होत्या त्या. ते म्हणत होते त्या कारणासाठी नाही, एवढंच.

रविवारी रक्षाताई आल्या. पायात साधी चप्पल, खांद्याला कापडी पिशवी. वासुदेवरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, केसांना तेल लावून भांग पाडला होता आणि सकाळपासून तीनदा विचारलं होतं, "बरं दिसते ना?" लग्नानंतर हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. घरात प्रमिलाबाई, चंद्रभान, पोह्यांच्या बशा, प्रत्येक बशीत लिंबाची फोड. सवाष्ण पहिल्यांदा घरी आली; नलूबाईंनी रीत म्हणून हळदकुंकू पुढे केलं. हाताला वळणच तसं. थोडं कुंकू रक्षाताईंच्या नाकावर सांडलं, ते त्यांनी बोटानं पुसलं आणि टेबलापाशी बसल्या.

भिंग धरलं. पहिलं तिकीट पाहिलं. दुसरं पाहिलं. तिसरं फार वेळ पाहिलं. मग स्वतःच्या बोटाच्या टोकाकडे पाहिलं. मग पुन्हा तिकिटाकडे. खोलीत पोहे चावायचा आवाज थांबला.

"काकू," त्या अगदी सहज म्हणाल्या, "कुंकू फार छान आहे तुमचं. कुठलं हे?"

"माहेरचं. रोहण्याचं," नलूबाईंची मान आपोआप वर झाली. "अस्सल हयदीचं हाये, बाजारचं नाई लावत मी!" आणि वाक्य पुरं व्हायच्या आत ती मान जिथल्या तिथं थिजली.

रक्षाताईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. बाई मायाळू होती. भिंग खाली ठेवून म्हणाली, "वासुदेवराव, मला आज पक्कं सांगता येणार नाही. शाई तपासायला पाठवावी लागेल. दोन-तीन महिने लागतील."

दार उघडं होतं. दोन-तीन महिन्यांत लोक विसरतात, तिकिटं हरवतात, काय काय होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. नलूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. वासुदेवराव ताठ बसून मान डोलावत होते, "हो हो, पाठवू ना, सगळं रीतसर होऊ द्या," आणि त्यांचा भांग तेलानं चमकत होता.

"काई पाठवाचं नाई," नलूबाई म्हणाल्या. "कुकू हाये ते. मी लावलं, दसऱ्याले, काडीनं. कपाय बोडकं दिसलं म्हून. अन् त्या तिसरीचं पुसाले गेली, तं लिंबानं पिवयं पडलं."

मग चंद्रभानला ठसका लागला. तो ठसका आहे असं पहिले काही क्षण सगळ्यांनी धरून चाललं. नलूबाईंना वाटलं जमीन फाटावी. सेलूची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. पण यंदाचं पावसाचं पाणी पिऊन ती घट्ट बसली होती, कोणाला पोटात घ्यायच्या मनःस्थितीत नव्हती.

रक्षाताईंनी हळूच तिसरं तिकीट उचललं. "तीन ठिपके फार नुकसानीचे नाहीत, ही साधीच तिकिटं आहेत," त्या म्हणाल्या. "हे तिसरं मात्र... याची फुली पाहिलीत का तुम्ही? खालचा पाय आखूड आहे. छापताना ठसा तुटलेला असणार. हे खरोखर दुर्मीळ होतं. आता लिंबानं कागद खराब झाला."

वासुदेवरावांनी भिंग हिसकावलं. पाहिलं. परत पाहिलं. आठवडाभर ते कपाळच पाहत होते. खाली फुलीकडे कोण पाहतो?

"लंगडी," नलूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "दिसली होती मले. बाकीच्या तिघी नीट उभ्या, हे एकटी लंगडी. म्हून पुसाले बी तिलेच पयले धरलं, म्हटलं बिचारीचं आंधी मोकयं करू."

"तुले दिसलं होतं?" वासुदेवराव म्हणाले.

"दिसलं होतं."

रक्षाताई गेल्या. जाताना नलूबाईंच्या पाया पडल्या, त्यानं तर आणखीच कानकोंडं झालं. चंद्रभान दारातून म्हणाला, "काकू, आता खुलासा छापा लागन, अन् नोटरीकडं दुसरा कागद करा लागन," आणि फाटकापर्यंतही न थांबता मोठ्यानं हसला. प्रमिलाबाईंनी बशा उचलल्या, विसळल्या आणि पदराला हात पुसत निघून गेल्या. लुगड्यावरच्या डागाचं त्यांनी विचारलं नाही. न विचारणं नलूबाईंना फार लागलं.

अंकिता स्वयंपाकघरात गेली, आणि बाहेरच्या खोलीत दोघंच उरली. वासुदेवराव खुर्चीत बसले होते. सदऱ्याची इस्त्री मोडली होती. ते ओरडले असते तर नलूबाईंना दोन शब्द सुचले असते. पण ते ओरडलेच नाहीत.

"काऊन नाई सांगितलं, नलू?"

नलूबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. फरशीकडे पाहतच त्या बोलल्या.

"मस्ती आली होती माह्या अंगात, म्हून नाई सांगितलं. मंग लाज आली, म्हून नाई सांगितलं. खोट्या कागदावर सही केली, लबाड निंघाली मी, अन् चांगल्या तिकिटाचा नास केला. माह्यावानी बैताड बाई साऱ्या सेलूत नाई. हे माहं झालं."

मग त्यांनी मान वर केली.

"आता तुमचं आयका. त्रेचाळीस वर्सं झाली, हेच कुकू लावून रोज दोन्ही वक्ताले तुमच्या पुढं बसून राह्यली मी. अन् तेच कुकू भिंगाखाली आलं, तं तुमी त्याले जगाबाहेरचं म्हनता! तुमाले वाचता येते, पाहाता येत नाई. भिंग द्या इकडे. उद्यापासून पाहाचं काम माहं. तुमी आपलं पुस्तकातलं पान काढजा."